माळेतलं शेवटचं घर

वीटभट्टी वसाहतीत "काय, बरं हाय न्हवं?" असं कुणी कुणाला विचारेनासं झालं होतं. विचारायची गरजच उरली नव्हती. येता-जाता माणसं एकमेकांच्या दाराशेजारच्या दांडीकडे बघत आणि काय ते समजून घेत. दांडीवरचं बोंड हिरव्या पट्ट्यात असलं की घरात सगळं आलबेल. पिवळ्यात उतरलं की शेजारपाजारी कुजबुज सुरू. आणि लाल पट्ट्याला टेकलं की हेमलता घस्ते दारात हजर.

ही दांडी कशाची, हे सांगायचं तर विषय जरा घाणीचा आहे. ज्यांना नाकाला पदर लावायचा असेल त्यांनी खुशाल लावावा. वसाहतीतल्या बायांनी तो केव्हाच खाली घेतला आहे.

कोल्हापूरच्या कडेला, पंचगंगेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी पूर्वी वीटभट्ट्या होत्या. शहरातल्या बंगल्यांना लागलेली माती इथून गेली आणि इथं खड्डा राहिला. भट्ट्या बंद पडल्यावर ज्यांना कुठंच जागा नव्हती ती माणसं त्या खड्ड्यात राहायला आली. नदी फुगली की ओढ्याचं पाणी पुढं सरकेनासं व्हायचं आणि उलटं फिरून वसाहतीत घुसायचं. पाण्याच्या आधी यायचा तो सार्वजनिक संडासाच्या टाक्यांतला ऐवज. पूर चार दिवसांत ओसरायचा, पण ती घाण भिंतींच्या पोटात बसायची, आणि मग घरोघरी कावीळ, हगवण, तापाची पोरं. दूर माळावर पक्क्या खोल्या द्यायला सरकार तयार होतं. काही जण गेलेही, आणि कामधंदा इथंच म्हणून वर्षाच्या आत परतले. खड्डा सोडवत नाही आणि खड्ड्यात जगवत नाही, अशी गत.

अशात मिरजेच्या डॉक्टर नसीम मुल्लाणी वसाहतीत आल्या. त्या औषध देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, सूक्ष्मजीवांचा अभ्यास करणाऱ्या होत्या. मैला पचवून त्याचा गॅस करणारे जिवाणू जगाला कधीपासून ठाऊक आहेत. पण ते आळशी, थंडीत तर झोपूनच राहणारे. मुल्लाणी मॅडमना त्यांची अशी एक जमात सापडली होती की जी पावसाळी गारठ्यातही कामाला लागायची आणि चौपट वेगानं गॅस करायची. टाकीच्या आत तिची शेवाळासारखी साय धरायची. वरून पडेल ते ती साय पचवायची, खाली निव्वळ खताचं पाणी उरायचं आणि वर गॅस जमायचा.

इथवर नवल नव्हतं. नवल पुढं होतं. तो गॅस त्यांनी घराखाली अंथरलेल्या जाड रबरी पिशवीत साठवला. वसाहतीनं त्या पिशवीला पहिल्या दिवशीच 'पखाल' म्हणून टाकलं. बांबूच्या फळ्यांचं हलकं घर, चार कोपऱ्यांना चार लोखंडी खांब, आणि घराखाली गॅसनं तट्ट फुगलेली पखाल. पाणी चढलं की पखाल पाण्यावर तरंगणार, तिच्यावरचं घर खांबांना धरून सरळ वर उचललं जाणार, आणि पाणी उतरलं की पुन्हा जागेवर येऊन बसणार. टाकी बंद, त्यामुळे पुरात घाण वर येण्याचा प्रश्नच नाही. पखालीत गॅस किती, हे बाहेरून कळावं म्हणून दाराशेजारी ती रंगीत पट्ट्यांची दांडी.

पहिल्या सभेत विलास आवळेनं विचारलं होतं, "मॅडम, एवढा कुटाणा कशापायी? पंपानं हवाच भरा की पखालीत!"

"पंप कोण सांभाळणार? आणि पुरात वीज असते का तुमच्याकडं?" मॅडम म्हणाल्या. "शिवाय पखाल आणि टाकी एकमेकांना जोडलेल्या आहेत. हवा आत गेली तर हे जिवाणू मरतात. त्यांना हवा म्हणजे विष. आणि गॅसमध्ये हवा मिसळली तर एका ठिणगीनं घर वर जाईल ते पाण्याशिवायच."

सभा हसली होती. मागून एक म्हातारी म्हणाली होती, "म्हंजी आमच्या हागण्यावर आमची घरं तरंगायची म्हणा की." त्यावर कुणी हसलं नाही, कारण ते शब्दशः खरं होतं.

एकटं घर पाण्यात डुचमळतं, खांबाला घासून अडकतं. म्हणून आठ-आठ घरं ओळीनं एकमेकांना लोखंडी कड्यांनी जोडली. अशा ओळीला लोक माळ म्हणू लागले. माळ सरळ उठते, हा तिचा गुण. पण एका घराची पखाल रिकामी असली तर ते जड घर शेजारच्या घराला खाली ओढतं, शेजारचं तिरकं होऊन खांबात अडकतं आणि त्याच्या डोक्यावरून पाणी जातं. म्हणून नियम असा, की पूर येण्याआधी ज्याची दांडी लाल, त्याची कडी काढायची. त्या घरानं एकट्यानं बुडायचं, माळेला घेऊन नाही. प्रत्येक माळेनं आपल्यातलं एक माणूस या कामाला नेमलं. तिसऱ्या माळेनं नेमली हेमलता. ती स्पष्टवक्ती होती, आणि स्पष्ट बोलणाऱ्या बाईला लोक असल्याच कामांना पुढं करतात.

पोटातली गोष्ट पोटात ठेवावी म्हणतात. इथं ती दारात लागली. फाउंड्रीत जाणाऱ्या गड्यांना बायका बजावू लागल्या, "कारखान्यात जाऊ नका, घरला या." पाहुण्याला चहा झाल्यावर आणखी एका गोष्टीचा आग्रह होऊ लागला, आणि आग्रह कशाचा हे उमगल्यावर नवखा पाहुणा कानापर्यंत लाल व्हायचा. सोयरीक जमवायला आलेली माणसं मुलाच्या पगाराआधी दांडी बघायची. गॅस चुलीलाही वापरता यायचा, त्यामुळे सासवा-सुनांच्या भांडणात 'भाकरी की पखाल' हा नवा विषय दाखल झाला.

सगळंच काही हसण्यावारी नव्हतं. जास्त ताकदीची औषधं पोटातून टाकीत उतरली की जिवाणू मंदावायचे. त्यामुळे कुणाच्या घरात कोण लपून औषध घेतंय हे दांडी सांगून टाकायची. पाचव्या माळेतल्या एका मुलीचा क्षय असाच गावभर झाला आणि तिचं ठरलेलं लग्न मोडलं. हेमलताला ते फार लागलं होतं. आपण दांड्या बघत फिरतो म्हणजे लोकांच्या खिडकीतून आत डोकावतोच की, असं तिला वाटायचं. पण त्याच पावसाळ्यात ओढा फिरला, माळा उठल्या आणि वसाहतीत एकही पोर आजारी पडलं नाही. मग तिनं मनातली खंत मनात ठेवली आणि दांड्या बघणं चालू ठेवलं.

तिसऱ्या माळेतलं शेवटचं घर अक्काताईचं. अक्काताई हेमलताची सासू. तिचं उभं आयुष्य मंडईतले आणि स्टँडवरचे संडास धुण्यात गेलं होतं. हातमोजे कुणी दिले नाहीत. दिली ती अ‍ॅसिडची कॅन आणि खराटा. तिच्या बोटांची कातडी सोललेल्या बटाट्यासारखी झाली होती. ती स्वतः मात्र वसाहतीच्या सार्वजनिक संडासाच्या रांगेत डबा घेऊन उभी राहिली, बाळंतपणातसुद्धा. वसाहतीत नवी घरं झाली तेव्हा तिला तिच्या स्वतःच्या नावावर एक मिळालं. आत पांढऱ्या फरशीचा संडास. त्याला दार, दाराला आतून कडी. पहिल्या दिवशी ती आत जाऊन बराच वेळ बाहेरच आली नाही. शेवटी सुहासनं, तिच्या मुलानं, दार वाजवलं तर आतून आवाज आला, "बसू दे की जरा. कोन रांगेत हाय?"

सासू-सुनेचं त्याआधी दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारण सांगण्यासारखं नाही. कारणं बहुतेक सांगण्यासारखी नसतातच. पण एकट्या म्हातारीच्या पोटावर पखाल कुठली फुगायची? आठव्या घराची दांडी सारखी पिवळ्यात. शेवटी माळेची जबाबदारी म्हणून हेमलतानं नाक मुठीत धरून ठरवलं की आपल्या घरातल्या सगळ्यांनी सकाळी आत्तीकडं, म्हणजे सासूकडं, जायचं. आपल्या घराची दांडी चांगली भक्कम होती. तिला चिंता नव्हती. आधी पोरं गेली. आजीनं त्यांना परत पाठवताना हातावर चिरमुरे-फुटाणे ठेवले. मग सुहास गेला, त्याला चहा मिळाला. शेवटी एक दिवस हेमलता गेली. बाहेर आली तर अक्काताईनं कपबशी पुढं केली आणि म्हणाली, "साखर कमी घातलीया. तुला गोड चालत न्हाई न्हवं?" दोन वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. हेमलतानं चहा घेतला आणि त्या दिवसापासून दोघींचं बरं चालू झालं. आठव्या घराची दांडी वसाहतीत सगळ्यांत हिरवीगार झाली, आणि अक्काताई ती पाहुण्यांना दाखवू लागली.

त्या वर्षी गौरी लवकर आल्या, पाऊस अजून भरात असताना. गौरीचा सण म्हणजे घरोघरी सफाईची चढाओढ. हेमलतानं माळेत दारोदार फिरून सांगितलं, "काय घासायचं ते घासा, पण संडासात अ‍ॅसिड, फिनेल काई बी ओतायचं न्हाई. खाली जीव हाईत." सगळ्यांनी माना डोलावल्या. अक्काताईनंही डोलावली.

संध्याकाळी बायका पाणवठ्यावरून तेरड्याच्या डहाळ्यांच्या दोन-दोन गौरी घेऊन आल्या. अक्काताईच्या उंबऱ्यावर हेमलतानं तिच्या पायांवर पाणी घातलं, औक्षण केलं, आणि कुंकवाच्या पावलांवरून गौर आत आली. आलेल्या गौरीला सगळं घर दाखवायचं असतं. ही चूल, ही धान्याची कणगी, हे कपाट, अशी अक्काताई डहाळ्या छातीशी धरून गौरीला फिरवत होती. मागून बायका विचारायच्या, "हितं काय हाय?" आणि ती म्हणायची, "हितं उदंड हाय." देव्हारा झाला, माळा झाला. आता गौर पाटावर बसायची म्हणून हेमलता पुढं झाली, तर अक्काताई थांबली, वळली आणि तिनं संडासाचं दार उघडलं.

"आणि ह्ये बी बघ, बाई," ती गौरीला म्हणाली. "ह्ये माझं सवताचं हाय."

बायका पदरात तोंड घालून हसू लागल्या. आत फरशी अशी लखलखत होती की दिव्याची ज्योत तिच्यात दिसावी. हेमलताही हसणार होती, पण तिच्या नाकाला झिणझिण्या आल्या. डोळ्यांत पाणी येईल असा एक तीक्ष्ण, ओळखीचा वास. तिनं सासूकडं बघितलं. अक्काताईचा चेहरा एवढा फुलला होता, एवढा की हेमलताला तिथं काहीच बोलवेना. सणाचं घर, बायका जमलेल्या. उद्या बघू, असं तिनं स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पुरणाचा नैवेद्य. अक्काताईची पखाल सगळ्यांत भरलेली म्हणून माळेचं निम्मं पुरण तिच्याच चुलीवर शिजत होतं. त्या गडबडीत सगळ्यांचे फोन एकदम वाजले. पुराचा अंदाज हल्ली फार नेमका येतो. वर धरणाचे दरवाजे उघडणार होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओढा उलटा फिरणार होता. वसाहतीत कुणी घाबरलं नाही. माणसांनी उंबऱ्याजवळची सामानं आत ओढली आणि पोळ्या लाटणं चालू ठेवलं.

हेमलता दांड्या बघायला निघाली. एक ते सहा हिरवी. सातवं घर विलास आवळेचं. त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या आणि बाळाच्या आंघोळीचं पाणी, शेकशेगडी, सगळं गॅसवर. त्याचं बोंड पिवळ्याच्या जरा वर, काठावर पास. आणि आठव्याचं बोंड लाल पट्ट्यात.

तिचा विश्वास बसेना. तिनं दांडीवर टिचकी मारली. मग साबणाचा फेस लावून सगळ्या नळ्या तपासल्या, कुठं बुडबुडा येतो का बघितलं. गळती नव्हती. पुरणानं गॅस ओढला होता, आणि खालून नवा थेंबभरही तयार होत नव्हता. तिनं मुल्लाणी मॅडमना फोन लावला. मॅडमनी आपल्याकडच्या पडद्यावर टाकीचं माप बघितलं.

"टाकी मेलीय, हेमाताई. पूर्ण आंबट झालीय. काय ओतलं?"

हेमलता आत गेली. अक्काताई पोळी भाजत होती.

"आत्ती, अ‍ॅसिड ओतलंय काय?"

अक्काताईनं पोळी उलटली. "ओतलं."

"मी सांगून गेलते न्हवं?"

"सांगितलंस. गौरीला दाखवायचं हुतं गं," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज चढला. "आयुष्यभर लोकांचं चकचकीत केलं. सायब लोक रुमाल लावून बघायला यायचे, डाग दिसला तर माझा खाडा मांडायचे. माझ्या सवताच्यात गौर बघनार, आन् तिथं पिवळा डाग ठेवू? ब्रशनं निघंना. मग जरा ओतलं. जरासंच."

हेमलताला तिचा राग आला आणि त्याच क्षणी तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही बाजूला ठेवून ती माळेतल्या माणसांना हाका मारायला बाहेर पडली.

दुपारभर सगळ्या माळेनं मिळून आठवं घर हलकं केलं. कपाट, कणगी, पाण्याचं पिंप, पाटा-वरवंटा, सगळं वरच्या रस्त्यावर नेलं. सुहासनं माळ्याच्या फळ्यासुद्धा उचकटल्या. घरात राहिल्या गौरी, समई आणि अक्काताई. बोंड जरा हललं आणि पुन्हा लालातच बसलं. मॅडम फोनवर आकडेमोड करत होत्या. "नाही होत," त्या म्हणाल्या. "रिकामं घरही जड पडतंय. ते सातव्याला ओढणार. सातव्याला तेवढी ताकद नाही. कडी काढावी लागेल."

सकाळी ओढ्याचं पाणी थबकलं आणि मग हळूच मागं सरकू लागलं. हेमलता हातात पाना घेऊन सातव्या आणि आठव्या घराच्या मधे उभी होती. पाणी तिच्या घोट्याला लागलं. विलास दारात उभा, आत बाळ रडत होतं.

"तुमी म्हनशिला तसं, वैनी," विलास म्हणाला. त्यानं भांडण केलं असतं तर हेमलताला बरं वाटलं असतं.

"आत्ती, चला," तिनं हाक मारली.

"गौर बसलीया." अक्काताई पाटासमोर मांडी घालून बसली होती. "सांजच्याला तिची पाठवणी. बसलेल्या गौरीला कुनी उठीवतं व्हय? तवर मी न्हाई हलायची."

"पाणी सांजंपतूर थांबायचं न्हाई."

"मग मला बी घिऊन जाऊ दे. माझं घर सोडून मी जायाची न्हाई. एकदा मिळालंय."

सुहास आईच्या पाया पडला, रडला, ओरडला. ती ढिम्म हलली नाही. आत माणूस असताना कडी काढता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाणी नडगीपर्यंत आलं. खाली पखाली कुरकुरू लागल्या, पहिली दोन घरं किंचित हलली. आणखी थोडा वेळ गेला असता तर माळ उठायला लागली असती, आणि मग ताणावर आलेली कडी कुणाच्या बापाच्यानं निघाली नसती.

हेमलतानं पाना कमरेला खोचला. चपला बाहेर काढल्या, आत गेली, पाटाला हात जोडले. आणि विसर्जनाच्या आधी, अक्षता न टाकता, आरती न म्हणता, तिनं दोन्ही गौरी उचलल्या आणि त्यांना पोटाशी धरून बाहेर पडली.

"हेमे!" अक्काताई किंचाळली. "अगं पापीन! ठेव, ठेव खाली!"

हेमलता मागं वळली नाही. ती पाण्यातून चालत राहिली आणि मागून अक्काताई शिव्या देत, पदर सुटलेला, पाणी उडवत धावत आली. गौरींच्या मागं ती आली, हेमलताच्या मागं नव्हे. सातव्या घराच्या ओट्यावर हेमलतानं गौरी विलासच्या लेकीच्या हातात दिल्या, सुहासनं आईला धरलं, आणि हेमलता पाण्यात उतरली. तिनं पाना लावला. कडी घट्ट होती. तिनं सगळा जीव एकवटून ती फिरवली, आणि कडी निघाली. तिच्या हातात ती फार हलकी लागली.

माळ उठली. सात घरं कुरकुरत, डुलत, एका ओळीत वर आली. आठवं तिथंच राहिलं. पाणी त्याच्या उंबऱ्यावरून आत शिरलं, कुंकवाची पावलं पुसत गेलं, आणि मग उघड्या दारातून आतली संडासाची पांढरी फरशी एकदा चमकून दिसेनाशी झाली.

अक्काताई रडली नाही. ती तिकडं बघतच म्हणाली, "दार तरी लावायचं हुतंस."

त्यानंतर ती हेमलताशी बोलली नाही.

पूर ओसरला. सातही घरं जागेवर बसली. विलासची लेक, बाळ, सगळे सुखरूप. आठव्या घरात कमरेएवढा गाळ होता. अक्काताई हेमलताच्या घरी राहिली, जेवली, झोपली, पण सुनेकडं तोंड केलं नाही. काही हवं असलं तर भिंतीला सांगायची. हेमलताही खुलासा करायला गेली नाही. कडी काढली ती बरोबर काढली, हे तिला ठाऊक होतं. दार मात्र तिनं लावलं नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं, आणि रोज भांडी घासताना ते आठवून तिचे हात थांबायचे. त्या घाईत दार लावलं असतं तरी पाणी आत गेलंच असतं. पण सासूच्या डोळ्यांदेखत गेलं नसतं.

माळेनं मिळून गाळ काढला. फुटलेली पखाल बदलली. टाकी धुऊन कोरडी झाली आणि मुल्लाणी मॅडम ती बघायला आल्या. अक्काताई त्यांच्यासमोर हात बांधून उभी राहिली, जुन्या सवयीनं, साहेब तपासणीला आल्यासारखी.

"मावशी, चूक आमचीही आहे," मॅडम म्हणाल्या. "ओतू नका एवढंच आम्ही सांगत बसलो. डाग पडले तर काय करायचं ते कुणी सांगितलंच नाही. लिंबू आणि राख लावा, त्यानं निघतात, आणि खालच्यांना त्रास होत नाही." मग त्यांनी टाकीत डोकावलं. "आता यात जिवाणू सोडायला हवेत. मिरजेहून पाठवायचे तर महिना जाईल. तसं कशाला? दही लावायला आपण कुठं जातो?"

"शेजारनीकडं," अक्काताई म्हणाली.

"मग झालं तर. विरजणच लागतं याला. चालू टाकीतलं थोडं थोडं आणून घाला. जितक्या घरांचं आणाल तितकं चांगलं."

माळेतली माणसं आपापल्या टाकीतलं काढून आणून द्यायला लगेच तयार झाली. अक्काताई म्हणाली, "इरजन ज्याचं त्यानं मागून आनायचं असतंय." तिनं बादली घेतली, तिच्यावर फडकं टाकलं आणि विलासच्या दारापासून सुरुवात केली. प्रत्येक दारात ती थांबली, "इरजन द्या की वाईच," म्हणाली, आणि घरच्या बाईनं टाकीच्या तोंडातून काढून दिलेलं बादलीत घेतलं. जिचे हात जन्मभर लोकांची घाण उचलून लांब टाकत आले, ती तीच घाण आता सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी जपून नेत होती. कुणी हसलं नाही. अगदी पोरंसुद्धा.

हेमलता आपल्या दारात उभी राहून हे बघत होती. अक्काताई सहाव्या घरी गेली, पाचव्या, चौथ्या. मग हेमलताचं तिसरं घर सोडून दुसऱ्याकडं वळली, आणि पहिल्याकडं. हेमलता आत गेली. तिनं उगीच एक पातेलं घासायला घेतलं. आपल्याला वगळलं हे तिला एवढं लागेल असं तिला वाटलं नव्हतं. मैलाच तो. पण डोळे भरून यायचे ते आलेच.

"घरात हाईस का?"

हेमलतानं मान वर केली. दारात अक्काताई, हातात जड झालेली बादली.

"शेवटाला आले," अक्काताई म्हणाली. ती सुनेकडं बघत नव्हती, बादलीकडं बघत होती. "बाकीच्यांच्या दारात नुसतं मागायचं हुतं. हितं आधी बोलायचं हुतं. त्याला टाइम लागला."

"आत्ती, मी दार…"

"ते र्‍हाऊ दे. गौर उचललीस तवा मला वाटलं हिला देव न्हाई, मानूस न्हाई." अक्काताईनं दम घेतला. "काल विलासच्या लेकीनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. मुतलं माझ्या लुगड्यावर." ती थांबली, आणि तिच्या ओठांच्या कडा हलल्या. "तू उचलली नसतीस तर कोन मुतलं असतं?"

हेमलताला हसू फुटलं आणि त्याबरोबर रडू.

"आता बगत काय उबी र्‍हायलीस?" अक्काताईनं बादली पुढं केली. "दे की इरजन. आन् जरा जास्तच दे. तुझं घर माझंच हाय न्हवं?"

हेमलतानं टाकीचं झाकण उघडलं आणि बादली काठोकाठ भरली. एकटीला ती उचलवेना. मग दोघींनी दोन बाजूंनी कडीला हात घातला आणि, एक थेंब सांडू न देता, माळेतल्या शेवटच्या घराकडं हळूहळू चालू लागल्या.